पाणी आलं, पोहणं कधी?

एक साधा हिशोब करा. तुमच्या घरात माणसं किती आणि त्यातल्या किती जणांना पोहता येतं? आजोबांपासून सुरुवात करा. सातारा-सांगलीकडच्या घरांमधून मला साधारण एकच उत्तर मिळतं. आजोबा पट्टीचे पोहणारे, वडिलांना 'तसं येतं', नातवाला येत नाही. आजी, आई आणि नात यांच्याबद्दल तर हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो.

दवाखान्यात मी तो विचारतो. बाळाचं लसीकरणाचं कार्ड तपासून झालं, गोवराची लस झाली का, धनुर्वाताची झाली का, हे बघून झालं की थोरल्या भावंडाकडे बघून म्हणतो, "याला पोहता येतं का?" आईबाप हसतात. डॉक्टरांनी गंमत केली असं त्यांना वाटतं. मी गंमत करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यातली जवळपास पाव मुलं ५ वर्षांच्या आतली होती. ५ ते १४ या वयातल्या मृत्यूंच्या कारणांत बुडणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्या देशात सरकारी नोंदींप्रमाणेच वर्षाला ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. डेंग्यूच्या एका पेशंटवर गावात धूरफवारणी होते. बुडालेल्या पोरासाठी गाव हळहळतं, तेरावा होतो आणि 'त्याची वेळच भरली होती' म्हणून विषय मिटतो. माझा राग या वाक्यावर आहे. बुडणं हा टाळता येणारा मृत्यू आहे, आणि टाळता येणाऱ्या मृत्यूला नशीब म्हणणं एका डॉक्टरला परवडत नाही.

आजोबा पोहायला कुठे शिकले, हे त्यांना विचारून बघा. विहिरीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरला भाऊ किंवा चुलता कमरेला दोर बांधून पाण्यात सोडायचा. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, नाहीतर तेलाचा रिकामा झाकणबंद डबा. चार दिवस गटांगळ्या, आठव्या दिवशी डबा सुटला, पंधराव्या दिवशी काठावरून मुटका. फी नाही, गणवेश नाही, प्रमाणपत्र नाही. कृष्णाकाठच्या गावांत तर नदीच शाळा होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि भर पावसाळ्यातल्या कृष्णेच्या दिशेने धावले. त्यांच्यातल्या दोघांना त्या दिवशी हौतात्म्य आलं. ती गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण पुराच्या नदीकडे सुटकेची वाट म्हणून धावायचं तर तिच्याशी लहानपणापासूनची ओळख लागते, एवढं माझ्या डॉक्टरी डोक्याला जाणवतं.

ती शाळा आता बंद पडली आहे. मोट गेली, विहिरीवर मोटर बसली, मग बोअर आलं आणि विहिरीत कचरा पडू लागला. नदीचं तर काय सांगावं. गावांचं सांडपाणी तिच्यात, वाळू उपसून तळाला खड्डे, आणि भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी. त्या पाण्यात पोरांना शिकवा असं मीही सांगणार नाही. शहरातले आईबाप मुलाला क्रिकेटच्या, अबॅकसच्या, कराटेच्या क्लासला घालतात. पोहण्याचा तलाव लांब असतो, बॅचची वेळ जमत नाही, सर्दी होईल अशी भीती असते.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. शाळा बंद पडली आणि त्याच काळात पाणी वाढलं. खानापूर, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, इकडे माण आणि खटाव. या तालुक्यांच्या जुन्या पिढीने टँकर बघितले, चारा छावण्या बघितल्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून माळावर नेलं. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांसाठी शेततळी झाली. २०१६ साली तर 'मागेल त्याला शेततळे' ही योजनाच आली. फार चांगलं झालं, ज्यांनी यासाठी आयुष्य घालवलं त्यांना नमस्कारच. पण ज्या गावात पोहण्याची परंपराच नव्हती, कारण पोहण्याइतकं पाणीच नव्हतं, तिथे आज घरापासून शंभर पावलांवर दोन पुरुष खोल पाणी उभं आहे.

शेततळं विहिरीपेक्षा फसवं असतं, हे नीट समजून घ्या. विहिरीला दगड असतात, कपारी असतात, बऱ्याचदा पायऱ्या असतात. शेततळ्याला उतरत्या बाजू आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की साबणासारखा होतो. पाय घसरलेलं पोर काठापासून हातभर अंतरावर असतं आणि तरी वर येऊ शकत नाही. वर यायला धडपडतं तसं खाली सरकतं. त्याला काढायला बाप उतरतो, तोही घसरतो. एकाच घरातली दोन-दोन माणसं जातात, ती यामुळे. सिमेंटच्या अस्तराचे कालवे याच जातीचे, शिवाय पाण्याला ओढ.

म्हणून तुमच्या शेतात तळं असेल तर पोहण्याची गोष्ट पुढे वाचण्याआधी एवढं करा. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांना बांधून पाण्यात सोडून ठेवा. हातभर अंतरावर एकेक गाठ हवी, म्हणजे धरायला पकड मिळते. दोन-चार जुन्या ट्यूब हवा भरून पाण्यात तरंगत्या ठेवा. काठाला कुंपण करा आणि त्याचं दार लहान मुलाला उघडता येणार नाही असं बसवा. हा खर्च ठिबकच्या एका दुरुस्तीएवढाही नाही.

आता बुडताना नेमकं काय होतं ते सांगतो, कारण सिनेमाने आपली समजूत पार बिघडवली आहे. सिनेमात बुडणारा 'वाचवा, वाचवा' ओरडतो, हात हलवतो. खरा बुडणारा बहुतेकदा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं. वर आलं की जेमतेम श्वास घेऊन होतो, शब्द उमटायला वेळच नसतो. हात वर करून हलवत नाही, तर दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतो, जणू शिडी चढतोय. डोकं मागे कललेलं, शरीर उभं, पाय निकामी. हे सगळं २० सेकंद ते एका मिनिटात आटपतं. लहान मुलात त्याहून लवकर. काठावर मोबाइल बघत बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. 'आत्ता तर खेळत होता' हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी किती वेळा ऐकलंय.

डोकं पाण्याखाली गेलं की माणूस श्वास रोखतो, मग नाइलाजाने घेतो, थोडं पाणी श्वासनलिकेत जातं, कंठ आवळतो. फुप्फुसात बादलीभर पाणी जावं लागत नाही, थोडंसंही पुरतं. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शुद्ध जाते, हृदय मंदावतं आणि थांबतं. ऑक्सिजनशिवाय मेंदू साधारण ४ ते ६ मिनिटं तग धरतो. जवळचा दवाखाना अर्ध्या तासावर असेल तर या हिशोबात डॉक्टर येतच नाही. जे व्हायचं ते काठावर होतं.

आणि म्हणूनच पोहणं म्हणजे पोहण्याची शर्यत नव्हे. तुमच्या मुलाने फुलपाखरू स्ट्रोक मारावा असं माझं म्हणणं नाही. अचानक पाण्यात पडल्यावर त्याला पाठीवर वळता यावं, दोन-तीन मिनिटं तरंगता यावं आणि वीस-पंचवीस मीटर कसंही करून काठ गाठता यावा. बस्स. घाटाचा काठ, विहिरीची पायरी, शेततळ्याचा दोर, बहुतेक वेळा एवढ्या अंतरातच असतो.

तरंगण्याचं शास्त्र सोपं आहे. फुप्फुसं हवेने भरलेली असली की माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. किंचितच. म्हणजे शरीराचा अगदी थोडा भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो भाग कोणता ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं. घाबरलेला माणूस दोन्ही हात वर उचलतो आणि हातांच्या वजनाने तोंड खाली जातं. उताणा झालेला, कान पाण्यात बुडवून हनुवटी वर ठेवणारा माणूस नाक-तोंड बाहेर ठेवतो आणि हात-पाय पाण्याच्या हवाली करतो. त्याला पाणी धरून ठेवतं. कान बुडवायला माणसं सगळ्यात जास्त घाबरतात, पण कान पाण्यात गेल्याशिवाय नाक बाहेर राहत नाही. ज्याला एकदा हे शरीराने कळलं, त्याची पाण्याची भीती निम्मी जाते. हे मात्र वाचून येत नाही. मी कितीही चांगलं लिहिलं तरी येणार नाही. पाण्यातच शिकावं लागतं.

यावर लोक मला म्हणतात, "डॉक्टर, पोहणाराच बुडतो." म्हणच आहे तशी. तिच्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पोहता येणारी तरणी पोरं दारू पिऊन धरणात उतरतात, पुलावरून पैजेवर उडी मारतात, गणपती विसर्जनाला अनोळखी डोहात जातात. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याखाली पाणी वरून पडून उलटं फिरत असतं, तो भोवरा चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. उथळ पाण्यात सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं तर मानेचा मणका मोडतो. बुडण्यातून वाचलेला पण मानेखाली कायमचा लुळा पडलेला विशीतला मुलगा पाहणं फार वाईट असतं. म्हणून शिकवताना पाणी ओळखायलाही शिकवायला हवं. कोयनेचे दरवाजे उघडले की कराडच्या प्रीतिसंगमावर आणि पुढे सांगलीत काय होतं, खाली किती खोल आहे हे बघितल्याशिवाय उडी का मारायची नाही, पोहताना सोबत कुणी का हवं. म्हणीचा एवढाच अर्थ घ्या. न शिकवण्याचं कारण म्हणून ती वापरू नका, कारण न पोहणाराही बुडतोच आणि त्याच्याजवळ तर काहीच नसतं.

यातला पुरावा जवळचाच आहे. बांगलादेशात, जिथे घरोघरी दारात तळं, तिथे २००६ पासून ४ ते १२ वर्षांच्या मुलांना जगण्यापुरतं पोहणं शिकवायचा उपक्रम चालला. तलाव बांधले नाहीत. गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधला, कठडा केला, गावातल्याच तरुण मुला-मुलींना शिकवायचं प्रशिक्षण दिलं. २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला कसं वाचवायचं, एवढा अभ्यासक्रम. शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा शिकलेल्यांत बुडून मरण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त कमी आढळलं. इतका परिणाम देणारी औषधं माझ्या कपाटात फार थोडी आहेत. आणि आपण म्हणतो, आमच्याकडे ऑलिंपिकच्या मापाचा तलाव नाही म्हणून शिकवता येत नाही! एखादी स्वच्छ, पायऱ्यांची विहीर, तिच्यावर दोर आणि ट्यूब, दोन जाणकार माणसं आणि उन्हाळ्यातले तीन आठवडे. ग्रामसभेत हा विषय मांडून बघा. पोहता येणारे आजोबा आहेत तोवर मांडा, ते अजून शिकवू शकतात.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. ८ ऑगस्ट २०१९. त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. लोकांना बाहेर काढणारी बोट माणसांनी खच्चून भरली होती, ती उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांत बायका जास्त होत्या. पोहता येत असतं तर सगळ्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पुराच्या पाण्यात लाइफ जॅकेटच हवं, आणि ते प्रत्येकाच्या अंगावर चढवल्याशिवाय बोट सुटताच कामा नये. पण ज्या काठांवर दर काही वर्षांनी पूर येतो (२००५, २०१९, २०२१, आठवा), जिथे धुण्यासाठी रोज बायकाच पाण्यापाशी जातात, तिथे पोहायला मात्र फक्त मुलगे शिकतात, हे मला कधीच पटलेलं नाही. नऊवारी-सहावारी पाण्यात पायांना गुंडाळते, ती नेसून पोहणं पट्टीच्या माणसालाही जड जाईल. निदान ज्यांना काहीच येत नाही त्यांना तरंगणं तरी यावं.

"मुलगी काळी पडेल", "कपड्यांचं काय", "शिकवणारा पुरुष आहे" ही कारणं मी ऐकली आहेत. अंगभर पोहण्याचे कपडे मिळतात. सलवार-कमीजमध्येही तरंगायला शिकता येतं, उलट तेच बरं, कारण पाण्यात पडताना कुणी कपडे बदलून पडत नाही. बायकांची वेगळी बॅच मागा, शिकवणारी बाई मागा. पाच-दहा जणींनी मिळून मागितलं तर तलाववाले देतात. चाळिशी-पन्नाशीतल्या आयांनीही जावं. गुडघे दुखणाऱ्या कितीतरी जणींना मी चालण्याऐवजी पाण्यातला व्यायाम सांगतो. पाणी शरीराचं वजन उचलतं, सांध्यांवर भार येत नाही, आणि दमही वाढतो. याहून मोठा दाखला हवा असेल तर वाळवा तालुक्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचा घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालेला हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण.

कुणी बुडताना दिसलं तर काय करायचं? तुम्ही प्रशिक्षित नसाल तर पाण्यात उडी मारू नका. हे निर्दयपणाचं वाटेल, पण बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठावर पालथे झोपून काठी, बांबू पुढे करा. फेटा, साडी, ओढणी, दोर फेका. झाकण लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन किंवा कळशीसुद्धा माणसाला तरंगत ठेवते. आधी आरडाओरडा करून माणसं गोळा करा, कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे ठरलेला प्रकार होतो. पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगून गरागरा फिरवणं. कृपा करून हे करू नका. पोटातलं पाणी माणसाला मारत नाही. ते दाबून वर आणलं की तेच फुप्फुसात जातं, आणि त्या धांदलीत मोलाची मिनिटं संपतात. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, डोकं मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. नंतर छातीच्या मधोमध ३० दाब, मग २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या वेगाने, मदत येईपर्यंत. एरवी हृदय बंद पडलेल्या माणसाला नुसते दाब दिले तरी चालतं, असं तुम्ही ऐकलं असेल. बुडालेल्याला श्वास द्यावाच लागतो, त्याला कमी पडलाय तो ऑक्सिजन. मिठाच्या ढिगात पुरून ठेवलं तर बुडालेला जिवंत होतो असा एक संदेश मोबाइलवर फिरतो. तो पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्यालाही सांगा.

शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच. खोकला, धाप, छातीत जड वाटणं हे काही तासांनी सुरू होऊ शकतं. सहा-आठ तास नजरेखाली ठेवलेलं बरं.

आता तुमच्या मुलाला घालायचं ठरवलं असेल तर दोन-तीन गोष्टी. साधारण ४ वर्षांपासून बहुतेक मुलं तरंगण्याचे पहिले धडे घेऊ शकतात, ६-७ वर्षांनंतर चांगलं शिकतात. त्याहून लहान मुलाला काठापासून आणि बादलीपासून लांब ठेवणं हाच उपाय. वर्षाच्या बाळाला न्हाणीघरातली अर्धी बादली पुरते, तेव्हा वापर झाला की ती पालथी घाला. फिट येत असतील, जन्मजात हृदयविकार असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. फिटचा पेशंट औषधं नीट घेत असेल तर पोहूही शकतो, पण सोबत त्याचा आजार माहीत असलेलं आणि स्वतः पोहणारं माणूस हवंच, आणि विहीर-नदीत नाही. दम्याच्या मुलांना पोहणं सहसा मानवतं, पंप काठावर ठेवा. पोहल्यावर कानात काडी घालू नका, मान कलती करून पाणी निथळू द्या. आणि तलावावर पैसे भरण्याआधी काठावर उभं राहून एक बॅच पूर्ण बघा. शिकवणाऱ्याच्या हाताखाली मुलं किती आहेत, तो स्वतः पाण्यात उतरतो की खुर्चीत बसून शिट्टी वाजवतो, खोल बाजूला दोर बांधलाय का, जीवरक्षक कोण आहे. त्याला विचारा, "माझ्या पोराला पहिल्या आठवड्यात काय शिकवणार?" तो 'उताणं तरंगायला' म्हणाला तर तिथे घाला.